सविताआत्या गप्प बसते

पाहुणे अकराला यायचे होते, ते साडेआठच्या आतच दारात उभे राहिले. त्यांचाही काही दोष नव्हता. रविवारी लोणावळ्यातून गाडी बाहेर काढायची तर मुंबईची माणसं भजी खायला निघण्याआधी काढावी लागते, नाहीतर बाजारातच दुपार होते. म्हणून दत्ताभाऊ पडवळांनी भावजयीला आणि पुतण्याला भल्या सकाळी गाडीत बसवलं, आणि रस्ता असा काही मोकळा मिळाला की मुलीचं गाव इंदुरी येईपर्यंत त्यांचं त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

ढमाल्यांच्या घरात त्या वेळी दाखवण्याजोगं काहीच नव्हतं. मुलगी न्हाणीत होती. तिचा बाप माऊली बनियनवरच मळ्यात मोटार चालू करायला गेला होता. तिची आई रंजना कांदा चिरत डोळे पुसत होती, आणि नथूआबा ओट्यावर बसून तोंडाला दाढीचा साबण फासत होते.

“आबा, पाव्हणं आलं!” रंजना आतून ओरडली.

“कुटलं?”

“लोनावळ्याचं! सृष्टीला बघाया!”

“आत्ता? ही काय येळ हाय व्हय?” असं म्हणत आबा उठले आणि एका गालावर साबण तसाच ठेवून राम राम घालायला गेले. आपण जन्मात कधी गडबडलो नाही असं ते सांगत. ते खरंच होतं, कारण गडबडायचं काम ते नेहमी दुसऱ्यांवर सोपवत.

रंजनानं गॅस बारीक केला. पोह्यांची तिला चिंता नव्हती. चिंता होती ती पिठाच्या डब्याची.

सृष्टीला नववीत असताना शाळेच्या प्रार्थनेत पहिल्यांदा फिट आली होती. एकानं नाकाला चप्पल लावली, दुसऱ्यानं कांदा फोडून हुंगवला, तिसऱ्यानं दातांत चमचा घालून तिचा एक दात हलवून ठेवला. मग आबांची थोरली लेक डॉक्टर सविता पुण्याहून आली, तिनं भाचीला हातात घेतलं आणि औषध लागू पडलं. गेली तीन वर्षं सृष्टी ठणठणीत होती, वराळ्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला जात होती. तरी घरात त्या दुखण्याला नाव नव्हतं. ‘सृष्टीचं ते’ एवढंच म्हणायचे, तेही आवाज खाली करून.

‘ते’ पाहुण्यांना सांगायचं की नाही यावर घरात आठवडाभर रणकंदन चाललं होतं. लग्न होऊ द्या, मग बघू, असा आबांचा निकाल. आधीच सांगणार, नाहीतर मला लग्नच नको, असा सृष्टीचा. माऊली जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचा, आणि शेवटी नेहमी आबाच बोलत. रंजना लेकीच्या बाजूनं होती. पण परवा मुलाचा फोटो आला, मुलगा डोळ्यांत भरण्यासारखा निघाला आणि रंजनानं पक्ष बदलला. पोरीनं मुलाला परस्पर मेसेज करू नये म्हणून आज सकाळी तिचा फोनच काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात पुरून ठेवला.

नणंदेलाही तिनं बजावलं होतं. “वन्सं, तुमी काय बोलायचं न्हाई. तुमी नुसतं हसायचं.”

नुसतं हसायची सविताला सवय नव्हती. ती गेली पंचवीस वर्षं मेंदूशी बोलत आली होती. शिकत असताना वॉर्डात तिनं पहिल्यांदा ते जुनं यंत्र पाहिलं. डोक्याला तारा लावायच्या आणि सरकत्या कागदावर आठ-दहा पेनांनी मेंदूच्या लहरी खरडत जायच्या. तिथंच तिचा जीव जडला. वन्संचं लग्न राहिलं ते त्या यंत्रापायी, असं रंजना अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. प्रबंधासाठी निरोगी माणसांचे आलेख हवे होते तेव्हा सवितानं अख्खं घर जीपमधून पुण्याला नेलं होतं. माऊलीला गुदगुल्या झाल्या. आबा तारा लावून होण्याआधीच घोरायला लागले, आणि झोपेचा इतका सुंदर आलेख विभागात कुणी पाहिला नव्हता.

पुढची कितीतरी वर्षं तिनं झटका मेंदूत नेमका कुठून सुरू होतो हे शोधण्यात घातली. तिच्या कामाचं नाव झालं, परदेशातून बोलावणी आली. मग ती दर गुरुवारी लोणावळ्यात दवाखाना चालवायला लागली आणि तिथं तिला एक निराळीच गोष्ट दिसली. बरे झालेले पेशंट पुन्हा पडत होते, कारण घरात कुणीतरी आलं की गोळी राहत होती. सासू आली, गोळी राहिली. सोयरे आले, गोळी राहिली. लोक गोळ्या विसरत नव्हते, लपवत होते. सवितानं माणसं गाठून, मोजून, पडताळून हे सिद्ध केलं आणि त्या निबंधाला व्हिएन्नात बक्षीस मिळालं.

“लोक दुखनं लपिवत्यात हे सांगाया इमानानं जायचं?” आबांनी तेव्हा विचारलं होतं. “मला इचारायचं की!”

तर अशी ही सविता, पदर सारखा करून, चेहऱ्यावर ठरल्याप्रमाणे हसू ठेवून पडवीत आली आणि पाहुण्यांकडे बघून ते हसू जागच्या जागी थिजलं.

शालन पडवळ. दत्ताभाऊ पडवळ. दोघंही तिचे पेशंट.

स्थळ लोणावळ्याच्या पडवळांचं, एवढंच तिला कळलं होतं, आणि लोणावळ्यात पडवळ काय कमी आहेत? ही विधवा भावजय आणि हे मोठे दीर एकाच घरात वर-खाली राहतात हे तिला माहीत होतं. भावजयीला कित्येक वर्षांपासून फिट येतात हे दिरांना माहीत नव्हतं. दिरांना दोन वर्षांपासून यायला लागल्यात हे भावजयीला माहीत नव्हतं. घरी कुणाला न सांगता दोघं वेगवेगळ्या गुरुवारी येत, आणि कुणाचं कुणाला सांगायचं नाही हा सविताचा धर्मच होता.

“ही माजी लेक. डोक्याची डॉक्टर हाय,” आबांनी ओळख करून दिली. दोघांनी तिला आणि तिनं दोघांना जन्मात पहिल्यांदाच बघतोय असा नमस्कार केला. शालनचा मुलगा सत्यम तेवढा मनापासून हसला, कारण त्याच्याकडे लपवायला काही नव्हतं.

हात धुवायच्या निमित्तानं शालननं परसातल्या मोरीशी सविताला गाठलं. “डॉक्टर, पाया पडते तुमच्या. भावजींना म्हाईत न्हाई. सत्यमला बी न्हाई. त्यांना कळलं तर म्हनतील, आमच्या भावाला फशिवलं.”

“शालनताई, मी कुणाचं कुणाला सांगत नसते.”

ती आत गेली न गेली तोच गोठ्याच्या आडून खाकरल्याचा आवाज आला. दत्ताभाऊ म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

“मी म्हस बघाया आलोय असं समजा.”

“समजले.”

“घर माज्या शब्दावर चालतंय, डॉक्टर. शालनला कळलं का माजा शबूद गेला. तिच्या म्होरं काय निघाय नको.”

“गोळ्या वेळेवर घेताय ना?”

“न घिऊन सांगतो कुनाला? तुमी सोडता व्हय?”

सविता मागच्या खोलीत आली. सृष्टी ओले केस पुसत होती. डोळे सुजलेले दिसत होते.

“आत्या, मी सांगणार आहे. आबा काही का म्हणेनात.”

“हं.”

“हं काय? बरोबर आहे का माझं?”

“तुझं आहे, तू ठरव. डॉक्टर म्हणून मला कुणाच्या वतीनं बोलता येत नाही.”

“आणि आत्या म्हणून?”

“आत्या म्हणून तुझ्या शेजारी उभी राहीन.”

“आणि ते उठून गेले तर? लोक बोलतील, पोरीत काहीतरी आहे म्हणून गेले. परत कुणी येणार नाही. आत्या, मला तो आवडलाय गं. फोटोतच आवडलाय, त्याला काय करू?” सृष्टीला रडू फुटलं. “जातील का गं उठून?”

सविताच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं होतं. ते बोलली असती तर पोरगी हसत बाहेर गेली असती. तिनं ते गिळलं.

“मला काय माहीत,” ती म्हणाली. भाचीशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तिला स्वतःचा मनस्वी राग आला.

बैठकीत दत्ताभाऊ पडवळांनी ठरवून टाकलं की आपण कडक वागायचं. माणूस दुसऱ्याला प्रश्न विचारत असला की त्याला कुणी विचारत नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी इस्त्रीचा सदरा ताठ केला, कोपऱ्यात हसत बसलेल्या डॉक्टरकडे न बघण्याची खबरदारी घेतली आणि घसा साफ केला.

“बाकी सगळं आपल्याला पसंत हाय, आबा. शेत-शिवार बघितलं, म्हस बघितली. पन एक इचारतो, राग मानू नगा. घराण्यात काय दुखनं-बिखनं?”

शालननं चहाचा कप बशीत ठेवला. तो उगाचच वाजला.

“आमच्या घराण्यात?” आबा उसळले. एव्हाना त्यांच्या गालावरचा साबण वाळून पापडी झाला होता. “माऊल्या, माजा मेंदू आन.”

“आबा, आत्ता कशाला…”

“आन म्हनतो ना!”

माऊली आतून एक फ्रेम घेऊन आला. सविताच्या प्रबंधासाठी काढलेला तो आबांचा आलेख होता. खाली ‘नॉर्मल’ लिहिलेलं. आबा तो बांधाच्या भांडणातसुद्धा काढत.

“हे बघा. शिक्क्यानिशी हाय. सगळ्या तालुक्यात असा कागद कुनाकडं हाय का इचारा. तुमच्याकडं हाय?”

“आमच्याकडं कागद न्हाई,” दत्ताभाऊ म्हणाले, “पन कदी गरजच पडली न्हाई. पडवळाच्या घरात आजवर कुनाचं डोकं सुदीक दुखल्यालं न्हाई. व्हय का न्हाई, शालन?”

“व्हय की,” शालन ताटलीतल्या बिस्किटांकडे बघत म्हणाली.

कोपऱ्यात सविताचे गाल दुखायला लागले होते.

सत्यम इतका वेळ फ्रेम निरखत होता. तो लोणावळ्यात लोकांच्या बंगल्यांची देखभाल बघायचा. कुठल्याही तारा दिसल्या की त्या कुठून कुठं जातात हे त्याला कळून घ्यायचं असे. “आत्या, ह्या रेघांवरनं फिट कशी कळते?”

‘फिट’ म्हणताच खोलीतली चार माणसं एकदम चहा प्यायली.

एवढं बोलायला तरी हरकत नसावी, असं सविताला वाटलं. “लग्नाच्या मांडवात कशी माणसं आपापसात बोलत असतात? सगळा कालवा, पण प्रत्येकाचं वेगळं चाललेलं. चांगला मेंदू तसा असतो. झटका म्हणजे ती सगळी माणसं आपापलं बोलणं सोडून एकदम एकाच तालात ओरडायला लागतात. थोडा वेळच. मग दमतात आणि थांबतात. औषध म्हणजे…”

“वन्सं, चा घ्या,” आतून रंजनाचा आवाज आला. सविता गप्प झाली, हसली.

“आपलं तसलं काय न्हाई म्हनून बरं,” दत्ताभाऊ घाईनं म्हणाले. “मग आबा, पोरीला बोलवायची का?”

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले.

“सविता बोलतेय,” स्वयंपाकघरातून आवाज आला. घोगरा, दबका, जमिनीखालून आल्यासारखा. “गोळी घ्या. आत्ता. कामं कुठं पळून जात नाहीत.”

सगळ्यांनी सविताकडे पाहिलं. तिचं तोंड बंद होतं.

“सविता बोलतेय,” शालनच्या पर्समधून आवाज आला. “गोळी घ्या. आत्ता.”

शालननं पर्स पोटाशी धरली आणि वरून पदर दाबला. आवाज कुठं दबणार?

“सविता बोलतेय,” दत्ताभाऊंच्या सदऱ्याच्या खिशातून आवाज आला, आणि तो सगळ्यांत खणखणीत होता, कारण दत्ताभाऊंना कमी ऐकू यायचं म्हणून सवितानं स्वतः तो मोठा करून दिला होता.

खरं तर तिन्ही फोनांत तो तिनंच घातला होता. लोक गोळ्या लपवतात हे सिद्ध केल्यावर तिनं त्यावर उपायही काढला. पेशंटचा फोन घ्यायचा, स्वतःच्या आवाजात गजर भरायचा. घरी असलेला माणूस एकटाच ऐकेल आणि घाबरून गोळी घेईल. तालुक्यातल्या शेकडो फोनांत आत्ता ती हेच बोलत होती. सगळ्यांना सकाळी नऊ आणि रात्री नऊ, म्हणजे तिच्याही लक्षात राहील. दोन पेशंट कधी एका खोलीत बसले तर काय होईल, हा साधा प्रश्न व्हिएन्नात तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिलाही पडला नव्हता. सकाळपासून तिनं दातांवर दात दाबून तिघांचं गुपित सांभाळलं, आणि आता ती तिन्हीकडून स्वतःच ओरडत होती.

“जाहिरात हाय,” दत्ताभाऊ खिसा चाचपत म्हणाले. “हल्ली लय येत्यात.”

“भावजी,” शालन हळूच म्हणाली, “तुमाला बी?”

“म्हंजे? तुला बी?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सत्यमचा चेहरा उतरला होता. “आई, कधीपासनं?”

“तू पोटात होतास तवापासनं.”

“आणि मला सांगितलं नाहीस? मी बंगल्यांवर रात्र-रात्र असायचो, तू घरात एकटी! काही झालं असतं म्हणजे?”

शालननं पदर डोळ्यांना लावला.

आबांना एवढंच कळलं की आपल्याकडे कागद आहे आणि समोरच्यांकडे नाही. “बघा!” ते फ्रेम उचलून म्हणाले, “आनी आमाला इचारत्यात घराण्यात काय…”

“आबा, बास,” दारातून सृष्टी म्हणाली.

तिच्या हातावर पीठ होतं. एका हातात गोळी होती, दुसऱ्यात पाण्याचा पेला. मागं रंजना तिचा दंड धरून उभी होती, पण ओढत नव्हती. सृष्टीनं सगळ्यांच्या देखत गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला. हे तिनं या खोलीत कधी केलं नव्हतं.

“मला फिट येते. तीन वर्षं आली नाही, पण पुढं येणारच नाही असं नाही. हे मी आधीच सांगणार होते. आता ऐकलंच तुम्ही. काय ते बोला.”

सविता ठरल्याप्रमाणे उठली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

अशा वेळी मुलाकडची माणसं जे बोलतात ते दत्ताभाऊंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. “आमी… आमी कळवतो.”

“आपून काय कळवायचं, भावजी?” शालन म्हणाली. दिरांचं वाक्य तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच तोडलं होतं. “त्या पोरीनं खरं सांगितलं. खोटं आपून बोललो. आता त्यांनी कळवायचं.”

माऊलीनं आबांकडे पाहिलं. आबांनी फ्रेमकडे पाहिलं. मग माऊली पहिल्यांदाच स्वतःच्या बुद्धीनं बोलला. “सृष्टी काय म्हनंल ते.”

आठवडाभर सृष्टीनं खरं सांगायची तयारी केली होती, त्यापुढची केलीच नव्हती.

“आत्या,” सत्यम म्हणाला. “ते ठरवायचं नंतर ठरवू. मला आधी एक शिकवा. आईला झटका आला, काकांना आला,” तो सृष्टीकडे बघून थांबला, “कुणालाही आला, तर मी करायचं काय?”

“चप्पल…” आबा म्हणाले.

“आबा!” सविता ओरडली. सकाळपासून गिळलेलं सगळं त्या एका शब्दात बाहेर आलं आणि तिला फार बरं वाटलं. “चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात चमचा नाही. दत्ताभाऊ, आडवे व्हा.”

“मी?”

“घरात तुमचा शब्द चालतो ना? सतरंजीवर.”

दत्ताभाऊंनी शालनकडे पाहिलं. तिकडून काही मदत येत नव्हती. ते इस्त्रीच्या सदऱ्यासकट सतरंजीवर आडवे झाले.

“आता हातपाय झाडा.”

“पाव्हन्यांच्या घरी?”

“झाडा!”

दत्ताभाऊंनी लाजत लाजत हातपाय हलवले. आबा धावले आणि त्यांचे खांदे दाबून बसले. “आबा, धरून ठेवायचं नाही! सोडा. सत्यम, आजूबाजूचं सगळं बाजूला कर. डोक्याखाली काहीतरी मऊ दे. गळ्याचं बटण सोड. घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना, वाट बघायची नाही. झटके थांबले की कुशीवर वळव.”

सृष्टी दारातून बघत होती. सत्यमनं चहाचे कप सरकवले, खुर्ची उचलून मागं ठेवली. स्वतःचं नवं जाकीट काढलं, घडी केली आणि काकांच्या मानेखाली सरकवलं. मग खांद्याला आणि कमरेला हात लावून, जड कपाट फरशीवर ओरखडा न पडू देता हलवावं तसं, त्यांना हळूच कुशीवर घेतलं. शालन तोंडाला पदर लावून आधी हसत होती, मग रडायला लागली. रंजना तिच्यापाशी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर पिठाचा हात उमटवला.

दत्ताभाऊंनी एक डोळा उघडला. “झालं? उठू?”

“नाही,” सविता म्हणाली. “झटका थांबला म्हणजे झालं नाही. माणूस पुरता भानावर येईपर्यंत कुणीतरी जवळ बसायचं. काही विचारायचं नाही, घाई करायची नाही. नुसतं बसायचं.”

सत्यम सतरंजीवर मांडी घालून बसला.

शुद्धीवर येताना सृष्टीला दर वेळी वरून वाकलेले चेहरे दिसायचे. सगळे उभे असायचे. खाली, शेजारी बसलेलं कुणी पाहिल्याचं तिला आठवेना. तिनं हातावरचं पीठ ओढणीला पुसलं, खोली ओलांडली आणि दत्ताभाऊंच्या दुसऱ्या बाजूला, सत्यमच्या समोर जाऊन बसली.

“सृष्टे, पोहं गार व्हत्यात,” रंजना म्हणाली.

“होऊ देत,” सृष्टी म्हणाली. “काका अजून भानावर आले नाहीत.”